रुपरावचा सात ओळींचा अर्ज

विणकरांच्या तांडापेठेत सकाळी दूधवाला आला, की रुपराव हेडाऊच्या घरी दुधात आधी बोट बुडे, मग नजर, आणि शेवटी प्रश्न. आज दूध इतकं चांगलं काहून? पातळ असतं तर रुपराव चकार शब्द काढत नसे. पातळ दुधाचं कारण लहान लेकरालाही कळतं. घट्ट दुधामागे मात्र काहीतरी डाव असलाच पाहिजे, असा त्याचा हिशेब. काटोलहून संत्री घेऊन येणारी बाई डझनावर एक वरचं देऊ लागली, तेव्हा त्यानं ते सोलून, फोडी उजेडाकडे धरून पाहून मगच खाल्लं. खाल्ल्यावरही दुपारभर पोटाकडे लक्ष ठेवून बसला.

हा स्वभाव त्यानं जन्मताना आणलेला नव्हता. विशीत असताना कामठीच्या बाजारात एका कोटवाल्या माणसानं गोड बोलून त्याची एका इंग्रजी कागदावर सही घेतली. सही केल्याबद्दल छातीला लावायची निळी फीत दिली. रुपराव ती फीत लावून आठ दिवस पेठेत मिरवला. नवव्या दिवशी कोणीतरी शिकलेल्यानं सांगितलं, की जन्मभर दारू-शिंदीला हात लावणार नाही अशी ती शपथ आहे. झालं. होळी असो, लग्न असो, रुपरावनं पेला उचलला की जो तो हातातून काढून घेई आणि म्हणे, "तुही कागदावर सही हाये गा." दोन वर्षं बिचारा कोरडा राहिला. त्या कोरड्या दिवसांतच त्यानं इंग्रजी शिकायचं ठरवलं. आवड म्हणून नव्हे. ज्या वाटेनं चोर येतो ती वाट आपल्यालाही ठाऊक असावी, म्हणून.

मग काय, साबणाच्या वेष्टनावरून, औषधाच्या बाटलीवरून, रेल्वेच्या फलकावरून अक्षरं गोळा करत करत तो पंचेचाळिशीत आला. वाचता बऱ्यापैकी येई. लिहायला बसला की मात्र वहाणेत खडा गेलेल्या माणसासारखी त्याची गत होई.

एकोणीसशे तेहेतीस साली एक सरकारी जाहिरात निघाली. उमरेड, खापा अशा गावांत जाऊन तिथल्या विणकरांना आडवं सूत नेणारा धोटा दोरीनं फेकायचा नवा माग शिकवायला एक फिरता मास्तर हवा होता. रुपराव तो माग चार वर्षं चालवत होता. त्याच्यासारखा काठ पेठेत दुसरा कोणी विणत नव्हता, हे त्याचे वैरीही कबूल करत. आणि गरजही तशीच होती. खड्ड्यात पाय सोडून तीस वर्षं विणल्यानं गुडघे गेले होते. सकाळी खड्ड्यात उतरताना चंद्रकलेनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, हात द्यावा लागे आणि संध्याकाळी दोघा शेजाऱ्यांनी वर ओढावं लागे. ही जागा मिळाली तर गुडघे सुटले. नाही मिळाली, तर त्या खड्ड्यातच म्हातारपण.

अट एकच होती, पण मोठी. दर आठवड्याला इंग्रजीत अहवाल पाठवायचा असल्यानं अर्जही इंग्रजीत, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या हातानं लिहिलेला हवा होता. दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी बारा वाजायच्या आत तो स्वतः त्या सरकारी ऑफिसात नेऊन द्यायचा होता.

आता पेठेत इंग्रजी चुका काढणारा माणूस एकच, श्रीधर मास्तर. दोन वर्षांपूर्वी कुठूनसे आले आणि गोदूबाईच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेऊन राहिले. सकाळी ओट्यावर पाच-सहा मोठी माणसं पाट्या-वह्या घेऊन बसत. कोणी दुकानातला गुमास्ता, कोणी गिरणीतला मुकादम. जो तो आपली वाक्यं लिहून आणी. मास्तर ती वाचत आणि जिथं चूक असेल त्या शब्दाखाली पेन्सिलीनं एक ठिपका देत. बस. चूक काय, बरोबर काय, हे स्वतःच्या हातानं कधी लिहीत नसत. वही परत देत आणि म्हणत, "पहा, तुम्हालाच सापडेल." सापडलं नाही तर तोंडानं समजावत, पुस्तकातलं वाक्य काढून दाखवत, पण दुसऱ्याच्या कागदावर त्यांचं एक अक्षर उमटलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

रुपरावनं सात वाक्यांचा अर्ज लिहून नेला. परत आला तो अकरा ठिपके घेऊन. घरी येऊन त्यानं कागद मागावर पसरला आणि उवा मोजाव्या तसे ठिपके मोजले.

"हातचं अक्षर काहून देत नाही हा मानूस?" तो चंद्रकलेला म्हणाला. "अक्षर लपवते तो कोन असते, सांग बरं?"

"तुमी कुठं देता?" चंद्रकला गवऱ्या रचता रचता म्हणाली. "शिरगणतीवाल्याले आंगठा देल्ला तुमी. लिवता येते तरी."

"ते येगळं."

"हो, येगळंच. तुमी केलं का हुशारी, त्यानं केलं का चोरी."

रुपरावनं चौकशी सुरू केली. गोदूबाईला विचारलं, तर कळलं की मास्तरांना पत्र येत नाही, पाहुणा येत नाही, आणि ते वर्तमानपत्रातले तुकडे कात्रीनं कापून एका पुस्तकात ठेवतात. कात्रणं कसली, हे गोदूबाईला ठाऊक नव्हतं. ती इंग्रजी असतात एवढंच ठाऊक होतं. पेठेत तोवर दोन मतं होतीच. एक म्हणे मास्तर पोलिसांचा खबऱ्या. दुसरं म्हणे खोट्या सह्या करून पळालेला. रुपरावला दोन्ही पटली. पण दुसऱ्या दिवशी ओट्यावर मास्तर पाणी प्यायला आत गेले असता त्यानं ते पुस्तक हळूच उघडून पाहिलं. सगळ्यात वरचं कात्रण त्याच जाहिरातीचं होतं.

म्हणजे मास्तरलाच ती जागा हवी होती. ठिपके त्यासाठीच. धडधाकट अर्ज किडका करून सोडायचा, म्हणजे वाट मोकळी.

त्याच दुपारी तो कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसणाऱ्या ईश्वरदास मुनशीकडे गेला. हा मुनशी चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत होता आणि त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याची होती. त्यानं सात वाक्यं वाचली, ठिपके पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"हे डाग कुनी पाडले भाऊ? कोई दुश्मन असंल तुमचा. इंग्लिश तर एकदम फस्क्लास हाये. सिर्फ छोटी हाये."

मग त्यानं ती मोठी करून दिली. पानभर. साहेबांच्या चरणकमळांपासून सुरुवात, मध्ये रुपरावचं अनाथपण, शेवटी साहेबांच्या नातवंडांना दीर्घायुष्य. कागद हातात धरला की वजन लागावं असं इंग्रजी. रुपरावनं घरी बसून ते पान आपल्या अक्षरात उतरवून घेतलं. हाताची अट तेवढी पाळली, शब्दांच्या अटीकडे मुनशीनं काणाडोळा केला होता. विणकराच्या डोळ्याला ते पटणारच होतं. चार हाताचं लुगडं कोण घेतं? नऊ वारच पाहिजे. पण रात्र सरली आणि त्याला घट्ट दूध आठवलं. मुनशीनं इतकी स्तुती का केली?

म्हणून त्यानं दोन्ही दगडांवर पाय ठेवला. मुनशीचं पान टोपीत घडी करून ठेवलं आणि सात वाक्यं घेऊन रोज मास्तरांकडे जाऊ लागला. मात्र एकही ठिपका त्यानं सुखासुखी मान्य केला नाही. वडील दहा वर्षांपूर्वी वारले, हे त्यानं मराठीच्या चालीवर 'बिफोर टेन इयर्स' असं लिहिलं होतं. मास्तरांनी 'बिफोर'खाली ठिपका दिला आणि पुस्तकातलं 'टेन इयर्स अगो' दाखवलं. रुपरावला वाटलं, पुस्तक मास्तरचंच, त्यात काय वाटेल ते असेल. तो गुमास्त्याचं पुस्तक मागून पाहून आला. तिथंही तेच. मग पाचपावलीच्या एका शाळामास्तरचं पाहिलं. तिथंही तेच. तेव्हा कुठं त्यानं वडिलांचं मरण दुरुस्त केलं. 'आय ॲम हॅविंग टू लूम्स'मधला 'हॅविंग' काढताना तर त्याला घरातला एक माग उचलून नेल्यासारखं वाटलं. माग तर घरात धडधडून चालूच आहे, मग चालू काळ का नको? मास्तर हसून म्हणाले, माग चालतो, मालकी चालत नसते. रुपरावनं तेही तीन पुस्तकांत ताडून पाहिलं. अकराचे सहा ठिपके झाले, सहाचे दोन, मग एकही नाही. आणि प्रत्येक शब्द तिथं का आहे, हे त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता येऊ लागलं. कारण प्रत्येक शब्दाची त्यानं पोलिसासारखी झडती घेतली होती.

तरी संशय जाईना. गुरुवारी त्यानं सापळा लावला. एका कोऱ्या कागदावर सरावाची म्हणून पाच वाक्यं लिहिली. चार आपली आणि पाचवं त्या सरकारी जाहिरातीतलं, जसंच्या तसं: उमेदवाराला अहवाल लिहिता आले पाहिजेत, अशा अर्थाचं. सरकारनं छापलेलं म्हणजे बावनकशी. मास्तरनं याच्यावर ठिपका दिला, की चोर मुद्देमालासह सापडला.

मास्तरांनी चार वाक्यं सोडून दिली. पाचव्यात ठिपका दिला. तोही कुठल्या शब्दाखाली नव्हे. दोन शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत.

रुपराव उठून उभा राहिला. बाकीचे शिष्य वह्यांतून वर पाहू लागले.

"मास्तर, हे सरकारचं वाक्य हाये," तो म्हणाला. "तुमच्या पुस्तकात जे कापून ठेवलं हाये ना, त्यातलंच. सरकारले इंग्रजी येत नाही आन् तुमाले येते?"

मास्तर दचकले नाहीत. उलट त्यांचा चेहरा खुलला. त्यांना वाटत होतं, की रुपरावलाही ते वाक्य खटकलं म्हणूनच त्यानं ते आणलं. त्यांनी पुस्तकातून कात्रण काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. कात्रण जपलं होतं ते त्या चुकीसाठीच. अशी चुकलेली छापील वाक्यं गोळा करायची त्यांना खोड होती. बाकीच्या कात्रणांतही चुकाच होत्या, आणि प्रत्येकीत एक ठिपका.

"त्या मोकळ्या जागेकडे नीट पहा," ते म्हणाले. "काहीतरी असायला हवं होतं, ते सुटलंय."

रुपराव वाकला. त्यानं ते वाक्य मागावरचा उभा ताणा पाहावा तसं, एका डोळ्यानं, डावीकडून उजवीकडे पाहिलं. आणि त्याला दिसलं. ताण्यातली एक तार नसली की तिथं कशी फट दिसते, तशी फट होती. छापणाऱ्यानं 'टू' हा बारका शब्द गाळला होता. सरकारचा माग असला म्हणून तार तुटत नाही असं थोडंच आहे.

पण संशयी माणूस एका फटीनं शांत होत नाही. त्यानं सरळच विचारलं, की तुम्हाला ही जागा पाहिजे का.

"मला?" मास्तर म्हणाले. "रुपरावजी, मला धोट्याचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं ते कळत नाही."

गुमास्ता फिसकन हसला. गेले दहा दिवस रुपराव ज्या चोराचा माग काढत होता त्याला चोरीचा माल वापरता येत नव्हता, हे रुपरावच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मंग अक्षर काहून लपवता?"

यावर मास्तरांनी पुस्तक मिटलं. मग बाकीच्यांना घरी जायला सांगितलं आणि खालच्या आवाजात त्यांनी आपली हकीकत सांगितली. ते एका दूरच्या गावच्या कचेरीत नक्कलनवीस होते. साहेबानं लिहिलेल्या हुकमाची हुबेहूब नक्कल करायची, हे काम. मूळ हुकमात चूक असेल तर नकलेतही तीच चूक पाहिजे. कानामात्रा इकडचा तिकडे झाला तर तो गुन्हा. अकरा वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका दात-ओठ खाऊन उतरवल्या. बाराव्या वर्षी एका हुकमातलं वाकडं वाक्य त्यांच्यानं पाहवलं नाही. त्यांनी ते सरळ केलं. वाक्य सुंदर झालं, पण त्याचा अर्थ फिरला, आणि एका कास्तकाराची विहीर कागदोपत्री शेजाऱ्याच्या शेतात गेली. ती परत यायला त्या माणसाला दीड वर्ष कचेरीचे उंबरे झिजवावे लागले. मास्तरांची नोकरी गेली, त्याचं त्यांना दुःख नव्हतं. तो कास्तकार दारावर येऊन नुसता उभा राहिला होता, ते विसरता येत नव्हतं.

"तेव्हापासून कागद ज्याचा, अक्षर त्याचं," मास्तर म्हणाले. "मी नुसतं बोट दाखवतो."

रुपरावनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "हे खरं कायच्यावरून?"

"कशावरूनच नाही," मास्तर म्हणाले.

हे उत्तर रुपरावला आवडलं. खोटं बोलणाऱ्यानं लगेच साक्षीदार उभे केले असते.

शनिवारी तो नऊलाच निघाला. मुनशीचं पान टोपीत, सात ओळी खिशात. मास्तरांचं उत्तर आवडलं असलं तरी शहाण्या माणसानं एकाच दोरीवर लटकू नये. ऑफिसच्या व्हरांड्यात टेबल टाकून गोपाळराव हेडक्लार्क बसले होते. समोर आठ-दहा विणकर रांगेत. अर्ज द्यायचा, मोठ्यानं वाचायचा आणि हेडक्लार्क बोट ठेवतील त्या ओळीचा अर्थ मराठीत सांगायचा, अशी तिथली रीत निघाली. हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

रुपरावच्या पुढे उमरेडचा श्रावण नावाचा तरणा विणकर होता. तो धडाधड वाचू लागला. चरणकमळ आलं. अनाथपण आलं. रुपरावचे कान टवकारले. हे तर त्याच्याच टोपीतलं पान होतं, शब्दाला शब्द. आधी त्याला वाटलं, आपली नि याची टोपी बदलली. त्यानं हात लावून पाहिलं, पान जागेवर होतं.

गोपाळरावांनी 'ऑर्फन'वर बोट ठेवलं. "याचा अर्थ?"

"विणकर, साहेब," श्रावण म्हणाला.

"याचा अर्थ बापावेगळा. तुमच्या मागं उभे आहेत ते कोण?"

"बाबा हायेत."

त्याच्या बाबांनी रामराम केला. रांग हसली, आणि मग एकाएकी हसायची थांबली. कारण रांगेतल्या आणखी तिघांनी आपापल्या घड्या हळूच उघडून पाहिल्या होत्या. मुनशीनं उमरेडपासून पाचपावलीपर्यंत साऱ्यांना एकाच मापाचं अनाथ करून ठेवलं होतं.

रुपरावची पाळी आली. त्यानं टोपीला हात लावला नाही. खिशातला कागद ठेवला.

गोपाळरावांनी तो उलटून पाहिला. मागं काही नव्हतं. "इतकंच?"

तीस वर्षांचे गुडघे आणि सात ओळी. "इतकंच हाये साहेब," तो म्हणाला. "याच्यापरीस जास्त मले येत नाही."

त्यानं वाचलं. गोपाळरावांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, त्यानं अर्थ सांगितला. दुसरीवर ठेवलं, त्यानं अर्थ सांगून तो शब्द तिथं का आहे तेही सांगितलं. तिसरीला, तिथं आधी कोणता शब्द होता आणि तो का हाकलला, ते सांगितलं. चौथीला तो तीन पुस्तकांची नावं घेऊ लागला तेव्हा गोपाळरावांनीच हात वर केला.

"पुरे. कोणी लिहून दिलं?"

"लिवून कोनी देल्लं नाही. चुका एका मास्तरानं दाखवल्या. त्याइचं एक अक्षर नाही याच्यात."

"मास्तरांचं नाव काय?"

प्रश्न साधा होता. पण नोकरी गेलेल्या नक्कलनविसाचं नाव एका सरकारी कागदाशी जोडायचं, म्हणजे उद्या काय निघेल सांगता येत नाही. आणि नाव दडवायचं, म्हणजे आपलाच अर्ज दडवल्यासारखा दिसायचा. टेबलावरच्या घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं होती. रुपराव घड्याळाकडे पाहत म्हणाला,

"नाव मी त्याइले इचारून सांगीन, साहेब. इचारल्याबिगर सांगता येत नाही."

गोपाळरावांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. कोपऱ्यात काहीतरी लिहून कागद डाव्या बाजूला ठेवला. उजव्या बाजूचा ढीग मोठा होता, डाव्या बाजूला हा एकटाच. रुपराव घरी येईपर्यंत डाव्याचा अर्थ लावत राहिला आणि त्याला एकही चांगला सापडला नाही.

संध्याकाळी त्यानं मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तरांनी विचारलं, नाव का सांगितलं नाही.

"मले त्याइच्यावर भरोसा नव्हता," रुपराव म्हणाला.

'त्याइच्यावर' म्हणजे ऑफिसवर. मास्तरांवर आहे असं तो म्हणाला नाही. पण रुपरावकडून इतकं मिळवणारा माणूस पेठेत तोवर झाला नव्हता. सोबत आलेल्या चंद्रकलेनं तर नवलानं तोंडाला पदर लावला.

मास्तरांचं नाव पुढं कोणी विचारलं नाही, आणि तीन आठवड्यांनी हुकूम आला. सहा महिने अजमावून पाहू, मग कायम, असा. पहिलं गाव खापा. रुपराव मागाचे सुटे भाग बैलगाडीत घालून, प्रत्येक गाठ दोनदा तपासून गेला. तिथल्या एका पडवीत त्यानं माग उभा केला. गावचे विणकर जमले, पण हात लावायला कोणी पुढं येईना. शेवटी दादाजी नावाचा एक म्हातारा काठी टेकत आला. मागाभोवती एक फेरा मारला, दोरी ओढून पाहिली, खाली वाकून पाहिलं, आणि मग रुपरावला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"सरकार फुकट शिकवून राहिलं," म्हातारा म्हणाला. "काहून गा?"

इतक्या वर्षांत रुपरावला पहिल्यांदाच आपल्या जातकुळीचा माणूस भेटला होता. त्याचा चेहरा असा उजळला, की जमलेल्यांना वाटलं म्हातारा याचा कोणी सोयराच लागतो. त्यानं आपली घोंगडी मागाशेजारी पसरली आणि दादाजींना हात धरून बसवलं.

"मलेबी तेच वाटून राहिलं, बाप्पा," तो हळू आवाजात म्हणाला. "बसा. आपन दोघं मिळून पाहू."